नकाशावर आज तारीख काय?

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर नकाशा उघडून बसले होते. काही शोधायचं नव्हतं, कुठं जायचंही नव्हतं, पण सॅटेलाईट व्ह्यू लावायचा, एखादी अनोळखी नदी धरायची आणि बोटानं ढकलत ढकलत तिच्या उगमाकडं जायचं हा माझा जुना छंद आहे, कुणाला सांगितला की लोक जरा विचित्रच बघतात. तर अशीच एक नदी चालली होती, रुंद, वळणावळणाची, आणि तिच्यावर एक पूल आला. अर्धा पूल. अलीकडच्या काठावरून निघालेला, नवंकोरं काळं डांबर, मधली पांढरी रेघ अगदी स्पष्ट, कडेला दिव्यांचे खांब आणि त्यांच्या बारीक सावल्या, वर एक ट्रकसुद्धा. आणि नदीच्या मध्यावर आल्यावर सगळं एकदम बंद. पुढं नुसते काँक्रीटचे खांब पाण्यात उभे, त्यांच्या डोक्यावर काहीच नाही, पलीकडच्या काठावर मातीचे ढीग आणि एक पिवळी क्रेन. नीट बघितलं तर पाणीसुद्धा वेगळं होतं, अलीकडं गढूळ, तांबडं, काठाला भिडलेलं आणि पलीकडं हिरवट, मधे मधे वाळूची बेटं उघडी पडलेली. अलीकडच्या सावल्या एका दिशेला, पलीकडच्या दुसऱ्या. म्हणजे दोन फोटो, वेगळ्या ऋतूतले, बहुतेक वेगळ्या वर्षांतले, आणि ते दोन जिथं जोडलेत तो सांधा नेमका पुलावर आलेला. ट्रक मात्र बिचारा खड्ड्याच्या दिशेनं निवांत चाललेला.

मग प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. हा नकाशा कोणत्या दिवसाचा आहे?

खाली कोपऱ्यात शोधलं. तिथं दोनतीन कंपन्यांची नावं होती, लहान अक्षरात, आणि कॉपीराईटच्या खुणेपुढं चालू वर्ष. पण ते वर्ष हक्काचं, फोटोचं नाही. एक जानेवारीला ते आपोआप बदलतं आणि खालची जमीन आहे तिथंच राहते. झूम केलं, परत बाहेर आले, मेन्यूत शिरले, सेटिंग चाळली. स्क्रीनवर माझा निळा ठिपका श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होत होता, बॅटरी किती उरलीय ते वर लिहिलेलं होतं, वेळ मिनिटापर्यंत बरोबर होती, फक्त समोर दिसणारी जमीन कधीची हे कुठंच नव्हतं. आणि मला हे इतकी वर्षं नकाशे बघून कधी जाणवलं नव्हतं याचं जास्त नवल वाटलं. आपण गृहीतच धरतो की हे 'आत्ता' आहे. फोन आत्ताचा, इंटरनेट आत्ताचं, मग नकाशाही आत्ताचाच असणार ना.

कागदी नकाशाचं तसं नव्हतं. माझ्याकडं एकदा कुणीतरी टाकून द्यायला काढलेला एक जुना सर्व्हे नकाशा आला होता, कापडावर चिकटवलेला, घडीच्या रेषांवर रंग उडालेला, उघडला की जुन्या कपाटाचा तो दमट गोडसर वास यायचा. त्यातल्या गावांपेक्षा मला त्याची चौकट जास्त आवडायची. चौकटीबाहेर सगळा कबुलीजबाब असायचा: मोजणी अमुक साली, दुरुस्ती अमुक साली, छपाई अमुक साली, प्रमाण काय, उंची कुठून मोजली. आणि एक छोटी आकृती, दोन बाण एका टोकातून निघालेले, एक खऱ्या उत्तरेचा आणि एक होकायंत्राच्या उत्तरेचा, त्यांच्यातला कोन अंशात दिलेला आणि खाली सूचना, की हा कोन दरवर्षी इतक्या इतक्या मिनिटांनी बदलतो. म्हणजे नकाशा स्वतःच सांगायचा की बाबा रे, मी जुना होत चाललोय, मला वापरताना हिशेब करून घे. मला हा प्रामाणिकपणा फार भारी वाटतो. तो हिशेब आजही होतोच, आपल्या नकळत. चुंबकीय उत्तर ध्रुव मधल्या काळात वर्षाला ५० किलोमीटरच्या आसपास सरकत कॅनडाकडून सायबेरियाकडं निघाला, त्यासाठीचं जागतिक चुंबकीय मॉडेल दर पाच वर्षांनी बदलतात, पण २०१५ चं मॉडेल पाच वर्षं टिकेना म्हणून २०१९ च्या सुरुवातीलाच मधे एक जादाचं काढावं लागलं. आपल्या फोनमधला कंपास त्याच्यावरच चालतो. फोन कंपासची दुरुस्ती करतो, सांगत नाही इतकंच.

आणि नुसती तारीखच गेली असं नाही, प्रमाणही गेलं. एकास पन्नास हजार असं काही आता कुणी म्हणत नाही, आता झूम लेव्हल. शून्य लेव्हलला अख्खं जग २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात बसतं, पुढच्या प्रत्येक लेव्हलला एका चौकोनाचे चार होतात, आणि अठराव्या लेव्हलला पोचेपर्यंत चौकोनांची संख्या साडेसहा हजार कोटींच्या वर जाते. त्यातले कितीतरी नुसते निळे, समुद्राचे, ज्यांच्याकडं कदाचित कुणी बघतच नसेल. हे चौकोन पाडायचे म्हणून जगालाही चौकोनी करावं लागलं. १५६९ मधे मर्केटर या नकाशाकारानं जहाजांच्या सोयीसाठी काढलेली पद्धत, तीच थोडी ताणून आपल्या फोनवर आली, वरखाली ८५ अंशांच्या जरा पुढं कापली की झाला चौरस. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते हे, की ही पद्धत घेण्यामागं कारण होतं: कितीही आत झूम केलं तरी रस्त्याचे कोपरे काटकोनातच दिसतात, तिरपे पडत नाहीत. गल्ली शोधणाऱ्याला ग्रीनलंडशी काय करायचंय. २०१८ मधे गूगलनं कॉम्प्युटरवरच्या नकाशात बाहेर झूम केल्यावर गोल पृथ्वी दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी मुद्दाम सारखी आतबाहेर करून तो चपट्याचा गोल होतो तो क्षण पकडायचा प्रयत्न करायचे.

पण मी सांगत होते ते फोटोंचं.

१९७२ हे वर्ष या बाबतीत मजेशीर आहे. जुलैमधे जमिनीचे फोटो घेणाऱ्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह वर गेला, आणि ७ डिसेंबरला अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९ हजार किलोमीटरवरून पृथ्वीचा तो प्रसिद्ध निळा गोळा टिपला. त्या फोटोत ढगच ढग आहेत. दक्षिणेकडच्या समुद्रावर पांढऱ्या भोवऱ्यांची नुसती गर्दी, आफ्रिका मधूनच डोकावतेय, खाली अंटार्क्टिका झगझगीत. तो एका दिवसाचा, एका क्षणाचा फोटो आहे, त्या दिवशी त्या ढगाखाली खरोखर पाऊस पडत असणार. आता आपल्या नकाशातली पृथ्वी बघा. एक ढग नाही. कुठंच नाही. कारण ती कुणी काढलेला फोटो नाहीच. एकाच जागेवरून उपग्रह कितीतरी वेळा जातो, सॉफ्टवेअर त्या सगळ्या फेऱ्यांतला ढगाचा पिक्सेल टाकून देतं, स्वच्छ पिक्सेल निवडतं, आणि अशा निवडलेल्या पिक्सेलांची गोधडी शिवतं. २०१३ मधे गूगलनं लँडसॅटचे फोटो वापरून जगभराची अशी ढगविरहित पृथ्वी केली होती. ती दिसायला अतिशय सुंदर आहे, आणि ती कोणत्याच दिवशी अस्तित्वात नव्हती. एका शेतातला हा पिक्सेल मार्चमधला, शेजारचा ऑगस्टमधला, असंही असू शकतं. मला यात फसवणूक वाटत नाही, खरंच नाही, ढगांचा नकाशा घेऊन मी काय करणार होते. पण पाऊसच कधी पडत नाही अशा एका ग्रहाकडं आपण रोज बघतो आणि त्याला आपला म्हणतो, ही गंमत डोक्यातून जात नाही.

फोटो कमी पडतात म्हणून असं होतं असंही नाही. उलट आता फोटोंचा पूर आहे. पहिल्या लँडसॅटचा एक पिक्सेल जमिनीवर ८० मीटरच्या आसपास होता, त्यात आख्खी इमारत हरवायची. आता युरोपच्या सेंटिनेल-२ जोडीमुळं १० मीटरचा फोटो दर पाच दिवसांनी, तोही फुकट, आणि पैसे मोजले तर ३० सेंटिमीटरचा, ज्यात गाडी आहे की रिक्षा ते कळतं. प्लॅनेटसारखी कंपनी छोट्या उपग्रहांचा थवा सोडून जवळजवळ रोज अख्ख्या जमिनीचा फोटो घेते. शिवाय आपण ज्याला सॅटेलाईट व्ह्यू म्हणतो त्यातले अगदी आतले, छपरावरची टाकी दिसणारे फोटो बरेचदा सॅटेलाईटचे नसतातच, विमानातून काढलेले असतात. एवढं सगळं असताना तारीख लपते कशी, तर लपवत कुणी नाही, ती पडद्यामागं राहते. नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एस्री कंपनीचं वेबॅक म्हणून एक संकेतस्थळ आहे, त्यात २०१४ पासूनच्या त्यांच्या जागतिक फोटोनकाशाच्या जुन्या आवृत्त्या ठेवल्यात. मी हरखून उघडलं. तर वरची तारीख फोटोची नाही, तो तुकडा नकाशात कधी चढवला त्याची. जमिनीवर नेमकं क्लिक केलं की मग खरी तारीख एका खिडकीत येते. म्हणजे माहिती आहे, प्रत्येक तुकड्याला आहे, पण विचारणाऱ्यालाच मिळते. आणि विचारतंय कोण? त्यातल्या त्यात रस्त्यावरून काढलेले फोटो बरे, स्ट्रीट व्ह्यूमधे कोपऱ्यात महिना आणि साल असतं आणि २०१४ पासून मागचे फोटोही बघता येतात. जमिनीवर उतरलं की तारीख मिळते, वर गेलं की हरवते.

तारीख हरवली की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे सँडी बेट. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे, कोरल समुद्रात, चांगलं वीसेक किलोमीटर लांब. गूगल अर्थवर होतं, शास्त्रज्ञ वापरतात त्या किनारपट्टीच्या डेटाबेसमधे होतं. नोव्हेंबर २०१२ मधे ऑस्ट्रेलियाचं सदर्न सर्व्हेयर हे संशोधन जहाज तिथं गेलं आणि बेटाच्या जागी १,३०० मीटरपेक्षा खोल पाणी निघालं. बेटाची नोंद १८७६ ची होती, देवमाशांची शिकार करणाऱ्या वेलॉसिटी नावाच्या जहाजाची. त्यांना काय दिसलं असेल देव जाणे, ज्वालामुखीतून निघालेल्या प्यूमिस दगडाचा तरंगता थर असेल असा एक अंदाज आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जुन्या सागरी नकाशांत अशा संशयास्पद जागांपुढं दोन अक्षरं लिहायची पद्धत होती, अर्थ असा की 'असण्याबद्दल शंका'. फ्रेंचांनी तर १९७० च्या दशकात हे बेट आपल्या नकाशातून काढूनही टाकलं होतं. पण कागदी नकाशे डिजिटल करताना रेघ उचलली जाते, रेघेशेजारचं 'शंका आहे' उचललं जात नाही. डेटाबेसमधे एक बंद आकृती असते, आत जमीन, बाहेर पाणी. शंकेसाठी रकानाच नाही. तिथं नुसती आकृती उरली, इतर कुठल्याही बेटाइतकीच ठाम.

आणि जी बेटं, जी तळी खरी आहेत ती तरी कुठं स्वस्थ बसतात. २०१६ मधे युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्रानं तीस लाख लँडसॅट फोटो चाळून १९८४ ते २०१५ पर्यंत जगातलं पृष्ठभागावरचं पाणी कुठं गेलं आणि कुठं आलं याचा हिशेब काढला. जवळजवळ ९०,००० चौरस किलोमीटरवरचं कायमचं पाणी नाहीसं झालं होतं, आणि १,८४,००० चौरस किलोमीटरवर नवीन आलं होतं, त्यातलं बरंचसं धरणांचं. तो नकाशा मला फार आवडतो कारण त्यात नुसता निळा रंग नाही. कायमचं पाणी वेगळं, गेलेलं वेगळं, नवं आलेलं वेगळं, आणि काही वर्षं असतं काही वर्षं नसतं असं वेगळं. अरल समुद्र त्यात बघताना पोटात गलबलतं. आपल्या रोजच्या नकाशात मात्र एकच निळा, शांत, मे महिन्यातही तोच आणि सप्टेंबरमधेही तोच. माझ्या त्या नदीत वाळूची बेटं उघडी पडलेली असली तरी साध्या नकाशात ती काठोकाठ निळीच होती.

बरं, जागा तरी पक्की असेल म्हणावं. अक्षांश-रेखांश, आकडे, दशांशचिन्हापुढं सहा अंक. तर तेही नाही. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला ७ सेंटिमीटरच्या आसपास ईशान्येकडं सरकतो, आणि तिथली सरकारी मोजणी १९९४ च्या स्थितीला बांधलेली होती. जीपीएस पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतं, त्याला खंड सरकल्याचं कळतं, नकाशाला कळत नाही. दोघांत १.८ मीटरचा फरक पडला तेव्हा त्यांनी २०२० च्या स्थितीवर सगळं नव्यानं बसवलं. १.८ मीटर म्हणजे चालणाऱ्या माणसाला काहीच नाही पण आपोआप चालणाऱ्या ट्रॅक्टरला म्हणाल तर शेजारची सरी. २०११ च्या भूकंपात जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचं एक मोजणीचं ठिकाण काही मिनिटांत ५.३ मीटर सरकलं. ग्रीनिचला पर्यटक ज्या धातूच्या पट्टीवर एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं ठेवून फोटो काढतात तिथं फोन शून्य रेखांश दाखवतच नाही, जीपीएसचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. भूगणिताचे लोक म्हणूनच आकड्यांसोबत कोणत्या वर्षीचे आकडे तेही लिहितात, त्याला ते इपॉक म्हणतात. म्हणजे त्या लोकांच्या जगात तारखेशिवाय जागा पुरी होत नाही. आणि आपण मित्राला पिन पाठवून मोकळे.

या सगळ्यात मला दिलासा देणारी एकच जागा आहे, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मधे स्टीव्ह कोस्टनं इंग्लंडमधे सुरू केलेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा, पोर्तोप्रिन्सचा धड नकाशाच नव्हता, आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी घरबसल्या, ताज्या उपग्रह फोटोंवर बघून काही दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती काढल्या, मदतपथकं तो नकाशा आपल्या यंत्रांत भरून वापरत होती. मीही अधूनमधून तिथं घरं काढते. दिसायला अत्यंत कंटाळवाणं काम आहे, एका छपराचे चार कोपरे, क्लिक क्लिक क्लिक क्लिक, परत पुढचं छप्पर. पण काढता काढता मन लागतं. हे अंगण आहे का, ही पायवाट विहिरीकडं जाते का, असलं काहीतरी आपलं आपणच ठरवत बसतो. तिथली सगळ्यात चांगली गोष्ट ही की प्रत्येक रेघेचा इतिहास दिसतो, कुणी काढली, कधी काढली, मग कुणी कधी बदलली, कशावरून. तो माझा पूल मी तिथं उघडून बघितला. पूर्ण होता. आधीच्या आवृत्तीत 'बांधकाम चालू', नंतर कुणीतरी ते काढून रस्ता सुरू केलेला आणि सोबत एका ओळीत लिहिलेलं की आज यावरून गेलो, चालू झालाय. तारखेसकट. एवढंच हवं होतं मला.

पण कोपरे क्लिक करणारी माझ्यासारखी माणसं आता किती दिवस लागतील कुणास ठाऊक. फोटो दिला की मशीन लर्निंग स्वतःच घरं काढतं. गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज या डेटामधे आफ्रिका, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका मिळून १८० कोटी घरांच्या आकृत्या आहेत, माणसांनी काढायला गेलो तर पिढ्या गेल्या असत्या. ज्या वस्त्या कधीच कुठल्या नकाशात नव्हत्या त्या एकदम आल्या, लसीकरणाला, वीज न्यायला, लोकसंख्येच्या अंदाजाला उपयोगी पडतात, याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. प्रत्येक आकृतीला एक आकडाही जोडलेला असतो, हे घरच आहे याची मशीनला किती खात्री वाटते त्याचा. हा मला सँडी बेटाच्या मानानं मोठा सुधार वाटतो, शंकेला रकाना मिळाला! वाळवंटातला मोठा खडक किंवा मालाचा कंटेनर घर म्हणून लागतो कधी कधी, पण निदान कमी आकडा लागून येतो. फक्त तो डेटा उचलून एखाद्या सुबक अ‍ॅपमधे घातला की तो रकाना परत गळतो आणि सगळी घरं एकाच करड्या रंगात, एकाच ठामपणे उभी राहतात. २०२२ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर नावाची संस्था काढली, लोकांचा डेटा, कंपन्यांचा डेटा आणि मशीननं काढलेला डेटा एकत्र घोळून एकसारखा करून द्यायचा म्हणून. काम चांगलं आहे. तिथं मूळ कुठून आलं त्याची नोंदही ठेवतात. पण एकसारखा हा शब्द ऐकला की मला तो पुलावरचा सांधा आठवतो. तो भोंगळ होता म्हणून तर मला कळलं की इथं दोन काळ आहेत. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर हुशार असेल, रंग जुळवेल, सावल्या जुळवेल, आणि कुणाला काही कळणार नाही.

यावर कुणी म्हणेल की बाई, ट्रॅफिक बघ की, ते तर आत्ताचं आहे. आहे, आणि ते मला थोडं भीतीदायकही वाटतं. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधे मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारा ठिपका एका रात्रीत रस्त्यावर आला. तेव्हा आपल्याला वाटलं आता आपण नकाशा नीट वाचू. झालं असं की नकाशा आपल्याला वाचायला लागला. रस्ता लाल दिसतो तो कुणी वरून बघून रंगवत नाही, त्या रस्त्यावरचे फोन हळू सरकतायत म्हणून तो लाल. २०२० मधे सायमन वेकर्ट या जर्मन कलाकारानं एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली, नकाशात तो रस्ता लाल झाला. मी तो व्हिडिओ बघून खूप हसले होते. स्ट्रावा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपनं धावणाऱ्या लोकांच्या वाटांचा चमकता नकाशा काढला तेव्हा जानेवारी २०१८ मधे लोकांना दिसलं की ओसाड वाळवंटात मधेच प्रकाशाचे चौकोन आहेत, ते लष्करी तळांच्या कुंपणाकडेनं व्यायाम करणारे सैनिक होते. त्यावर मात्र हसू आलं नाही. म्हणजे जमिनीचा फोटो चार वर्षांपूर्वीचा आणि त्याच्यावर पळणारे आपण चार सेकंदांपूर्वीचे. एकाच स्क्रीनवर. नकाशाला घाई फक्त आपल्याबद्दलची आहे.

आणि आता तर तो पुढंही गेलाय. पोचायला किती वाजतील हे सांगतो ते काही झालेलं नसतं, होईल असा अंदाज असतो, पण आपण तो आकडा घड्याळासारखाच वाचतो. पुराचे अंदाज नकाशावर येतात. आणि समुद्र वाढल्यावर कुठपर्यंत पाणी येईल ते दाखवणारे नकाशे, ते मी हल्ली फार बघते, बघू नये तरी बघते. एक पट्टी असते, ती ओढली की निळं आत आत शिरतं. त्या नकाशांवर तारीख असते, मोठ्या अक्षरात, २०५०, २१००. मला आधी हे फार बरं वाटलं, की चला, भविष्याला तरी वर्ष लावतायत. मग खोलात शिरले तर कळलं की कित्येक देशांत जमिनीची उंची येते ती फेब्रुवारी २००० मधल्या एका स्पेस शटलच्या मोहिमेतून. एंडेव्हर या शटलनं ६० मीटर लांब दांडा बाहेर काढून ११ दिवसांत रडारनं जगातली ८० टक्के जमीन मोजली, अफाट काम, अजून तोडीस तोड फुकट डेटा मोजकाच आहे. पण रडार झाडांच्या शेंड्यांवरून आणि छपरांवरून परत फिरतं, त्यामुळं किनाऱ्यावरची दाट वस्तीची शहरं त्यात आहेत त्यापेक्षा उंच दिसतात. २०१९ मधे दोन संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून हिशेब परत मांडला तर समुद्राच्या पुराचा धोका असलेल्या लोकांची संख्या तिपटीच्या आसपास निघाली. समुद्र तोच होता. जमीन मोजताना छपरं मोजली होती. तेव्हापासून मी पट्टी ओढली की आधी शंभर टक्के झूम करते आणि निळ्या रंगाखालची घरं बघते. पाणी २१०० चं, ते वर ठळक लिहिलेलं. जमिनीची उंची २००० च्या फेब्रुवारीतली, ते तीन क्लिक आत गेल्यावर सापडतं. आणि घरांचा तो फोटो, अंगणात वाळत घातलेले कपडेसुद्धा ओळखू येतात इतका स्वच्छ, तो कोणत्या वर्षीचा ते मला अजूनही कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही.